ओरखड्यांत राहिलेला धातू

मी एक जुना मणी आहे. माळेत ओवायचा नव्हे, प्रयोगशाळेतल्या चंबूत फिरायचा. बोटाच्या पेराएवढी चुंबकाची कांडी आणि तिच्यावर टेफ्लॉनचे पांढरे कातडे, एवढाच माझा देह. चंबू यंत्रावर ठेवला की यंत्रातला चुंबक फिरतो, त्याच्या ओढीने मी फिरतो आणि आतले द्रव ढवळले जाते. मित्रांनो, मी जन्मलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो. पुढे करडा झालो. तो करडेपणा कशाचा होता हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. पण मला तोंड नव्हते.

टेफ्लॉनला काही चिकटत नाही, असे सगळे म्हणतात. नवे असते तोवर ते खरे असते. माझी पहिली सहा वर्षे थोरल्या सरांच्या हाताखाली गेली. ते पॅलेडियम नावाचा धातू वापरत. हा धातू उत्प्रेरक आहे. म्हणजे न जुळणाऱ्या दोन रेणूंची गाठ घालून देतो आणि स्वतः होता तसाच बाजूला होतो, पुढची जोडी जुळवायला मोकळा. त्यामुळे तो कणभरही पुरतो. हे कणभर नीट लक्षात ठेवा.

मी काचेवर आपटत असे. माझ्या अंगावर ओरखडे पडले आणि त्या ओरखड्यांत पॅलेडियमची काळी पूड जाऊन बसली. मामा मला साबणाने घासत. मामा म्हणजे आमची भांडी धुणारे, सगळ्या खोलीचे मामा. वरचे सगळे निघे, आतले राही.

थोरले सर निवृत्त झाले आणि खोली त्यांच्या विद्यार्थिनीकडे आली. तिला सगळे बाई म्हणत. तरुणपणी बाईंनी एक खाण पाहिली होती. डोंगर आतून पोखरायचा, गाड्यांमागून गाड्या खडक फोडायचा आणि शेवटी मूठभर धातू हाती यायचा. खालच्या वस्तीतल्या विहिरींना झाकणे ठोकलेली त्यांनी पाहिली. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला. औषधे बनवायला जे काम पॅलेडियम करते, ते साध्या लोखंडाकडून करून घ्यायचे. त्यांचे यजमान चेष्टा करत, की लोखंडाच्या नादी लागून एक दिवस तुलाच गंज चढेल.

बाई काही टाकून देत नसत. पाठकोऱ्या कागदांवर टिपणे लिहीत, फुटक्या नळीचा धड तुकडा कापून ठेवत. एकदा मामांनी मला चिमट्यात धरून दाखवले.

"बाई, हा मणी पार काळवंडलाय. टाकू का?"

"माझे केस पांढरे झाले, मामा. मलाही टाकाल का?"

सगळे हसले. मी वाचलो. मित्रांनो, त्या दिवशी मला टाकले असते तर किती बरे झाले असते.

कारण पुढच्याच महिन्यात बाईंनी चंबूत लोखंडाचे क्षार घातले, त्यांत मला सोडले आणि यंत्र सुरू केले. द्रव तापू लागले तसे माझ्या ओरखड्यांतले जुने कण जागे झाले. एकेक करून बाहेर पडले, रेणूंच्या गाठी घालू लागले. संध्याकाळी बाईंनी मोजले. शंभरातले ऐंशी रेणू जुळले होते. लोखंड नुसते बसून होते आणि शाबासकी त्याला मिळाली.

मग शोधनिबंध झाले, पारितोषिके झाली, भाषणे झाली. मी बाईंचा पायगुणाचा मणी ठरलो. महत्त्वाचा प्रयोग असला की त्या मलाच शोधत. मला कापसात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवू लागल्या. दूरदूरच्या प्रयोगशाळांतून पत्रे येत, की आमच्याकडे हे जमत नाही. बाई सौजन्याने उत्तर देत, की लोखंड अधिक शुद्ध घेऊन पाहा. एकाने दोन वर्षे खपून शेवटी संशोधनच सोडले असे त्यांच्या कानावर आले. त्या हळहळल्या. मी डबीत होतो.

शेवटची विद्यार्थिनी आली, तिला सगळे धाकटी म्हणत. नीटनेटकी मुलगी. तिने स्वतःसाठी नवे मणी आणले. तिचा एकही प्रयोग साधला नाही. अडीच वर्षे गेली, प्रबंध द्यायला चार महिने उरले. बाईंनी तिला सर्वांदेखत सांगितले, की तुझ्या हाताला स्वच्छता नाही. धाकटी मान खाली घालून भांडी पुन्हा धुवायला गेली. तोवर बाईंना दुखण्याने गाठले होते. डॉक्टरांनी दिवस मोजूनच दिले होते.

एका दुपारी धाकटी बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिने फार हळू आवाजात एक विनंती केली. एक चंबू लोखंड न घालता लावू या. नुसता तुमचा मणी. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतः उठून डबी उघडली. त्यांची बोटे गार होती.

मित्रांनो, त्या दिवशी मला थांबायचे होते. पण चुंबकाला थांबणे नसते. खालून ओढले की फिरायचे. संध्याकाळी धाकटीने आकडा वाचला नाही, कागद बाईंपुढे ठेवला. अठ्ठ्याहत्तर. लोखंडाचा कणही नसताना.

त्यांना न्यायला त्यांची मुलगी आली, तेव्हा बाई तशाच बसल्या होत्या. मुलीने सगळे ऐकून घेतले.

"वीस वर्षं मी लोकांना खोटं सांगत आले का गं?" बाईंनी विचारले.

"नाही, आई. इतके दिवस तू चुकत होतीस. आता गप्प बसलीस, तर ते खोटं."

मुलीने त्यांच्या चपला पुढे सरकवल्या, तशा त्यांनी चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या. खुर्ची ओढून पत्र लिहायला बसल्या. आपले निबंध मागे घेत असल्याचे पत्र होते ते. चूक माझी, विद्यार्थिनीची नाही, हे वाक्य त्यांनी त्यात दोनदा लिहिले. मुलीने एक खोडायला सुचवले. त्यांनी खोडले नाही.

पुढच्या दहा आठवड्यांत बाई आणि धाकटी यांनी सगळे पहिल्यापासून मांडले. नवे चंबू, नवे मणी, नवे लोखंड. एके सकाळी धाकटीच्या चंबूत शंभरातले चार रेणू जुळले. चारच, पण ते लोखंडाने जुळवले होते. बाईंना हे इस्पितळात कळवले. त्यांनी विचारले, मणी कुठला होता. नवा, असे कळल्यावर त्यांनी डोळे मिटले. नंतरच्या शुक्रवारी त्या गेल्या.

जाण्याआधी त्यांनी मला अम्लराजात उकळून घेतले होते. त्या तीव्र आम्लात सोनेसुद्धा विरघळते. मी पुन्हा पांढरा दिसू लागलो. तरी बाईंनी विश्वास ठेवला नाही. मला बाटलीत बंद करून वर "वापरू नये" अशी चिठ्ठी लावली.

आता मामा नाहीत. बाईंची खोली आवरायला परकी माणसे आली. त्यांना बाटली हवी होती, मणी नको होता. मला त्यांनी सगळ्या मण्यांच्या ट्रेमध्ये ओतले. आज मी धाकटीच्या नव्या मण्यांमध्ये पडलो आहे, त्यांच्याइतकाच पांढरा, त्यांच्याइतकाच निरागस. आम्लाने माझा रंग नेला. ओरखडे तसेच आहेत, आणि सर्वांत खोल ओरखड्याच्या तळाशी अजून काहीतरी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा. पण ज्या वस्तूने तुम्हाला यश दिले, तिला एकदा उजेडात धरून नीट पाहा. मायेने पाहू नका, संशयाने पाहा. आणि धाकटीला कुणी ओळखत असाल तर तिला निरोप द्या. तिच्या चाराचे उद्या एकदम चाळीस झाले, तर हसू नकोस म्हणावे. आधी यंत्र बंद कर आणि मला बाहेर काढ.