शनवार तेल्याची गाडी

"गाडी जुंपा, रहमिमभाऊ. आता वाट बघू नका," सावळाराम मास्तर ओसरीवरून म्हणाले.

रहमिम दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. आत मिलकाबाई गुडघे पोटाशी घेऊन घोंगडीवर पडली होती. काल शुक्रवारी दिवा लावतानाच तिच्या उजव्या कुशीत कळ उठली होती. रात्रभर ओवा झाला, हिंग झाला, शेजारच्या सगुणाबाईने विटेचा शेक दिला. आता सकाळी घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. भोरचा दवाखाना सात कोसांवर होता.

"आज शनवार हाय, मास्तर."

"म्हायती हाय मला. तुमी नका हाकू, मी हाकतो."

"बैल तर माझंच न्हवं? त्यांनाबी आज इसावा हाय."

गुंजवणीच्या काठी, वेल्ह्याच्या रस्त्याला असलेल्या त्या गावात यहुद्यांचं हे एवढं एकच घर. रहमिमचा आजा कोकणातून घाट चढून आला आणि त्याने इथे तेलाचा घाणा घातला. कारळ्याचं आणि तिळाचं तेल काढावं, शनिवारी घाणा बंद ठेवावा. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. नियमशास्त्र रहमिमने कधी वाचलेलं नव्हतं. बापाने तोंडी दिलं तेवढंच त्याच्यापाशी होतं: दोन-तीन प्रार्थना, आणि शनिवारी आग नाही, घाणा नाही, जुंपणी नाही. मूलबाळ नव्हतं. नवरा-बायकोने मिळून तेवढं मात्र वीस वर्षं जिवापाड जपलं होतं.

सावळाराम मास्तर मिशनच्या शाळेत शिकवीत. त्यांच्या बापाने बाप्तिस्मा घेतला होता. गावात शास्त्राचं बोलायला दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं, म्हणून दर आठवड्याला ते याच ओसरीवर भांडत.

"मसीहा येऊन गेला," मास्तर म्हणत. "पाव्हना घरात आल्यावर दारात उभं ऱ्हाऊन कुणी त्याची वाट बघतं का? नियम संपला. आमालाबी आन तुमालाबी."

"तुमाला तो नव्हताच कवा," रहमिम शांतपणे म्हणे. "तुमी खुशाल शनवारी गाडी हाका, काय वाटंल ते खावा, देव तुमाला इचारणार न्हाई. पन देवानं नियम दिला तवा आमचं वाडवडील डोंगराखाली हुभं ऱ्हाऊन व्हय म्हनलं हुतं. त्यांचा शबुद म्या कसा मोडू?"

मग मिलकाबाई आतून चहा आणून ठेवी आणि म्हणे, "देवालाबी जरा बोलू द्या." दोघे हसत, आणि वाद पुढच्या आठवड्यावर जाई.

आज कुणी हसत नव्हतं. मास्तरांचा आवाज चढला. "अवो, त्या नियमातून तुमाला कवाच मोकळं केलंय. हे जू मानेवरनं काढा. आज तरी प्रभूचं ऐका."

रहमिमचा चेहरा बदलला. "बायकोच्या दुखण्याचं निमित्त करून मला बाटवाया आलाव व्हय, मास्तर?"

तसं काही मास्तरांच्या मनात नव्हतं, पण शब्द तर तेच होते. ते तसेच उठले आणि गावातल्या गेनबाची गाडी मागून घेऊन आले. मिलकाबाईने मान हलवली. "शनवारी म्या कुणाच्याबी गाडीत बसायची न्हाई. आजवर मोडला न्हाई. सांजंपातुर काढते कळ."

रहमिमने तिच्याकडे पाहिलं. त्याने एक शब्द टाकला असता तर ती उठली असती. तो परत चौकटीला जाऊन टेकला.

दुपार उलटली आणि कळ एकाएकी थांबली. मिलकाबाईने पाय सरळ केले, कपाळावरचा घाम पुसला आणि ती थोडी हसली. "बघा, ऱ्हायलं. उगा गाव गोळा केलासा." रहमिमला वाटलं, देवाने ऐकलं. त्याने पाठ होत्या तेवढ्या प्रार्थना दोनदा म्हटल्या.

दिवस कलला तसा तिला ताप भरला. पोट फळीसारखं ताठ झालं. आभाळात शनवार संपल्याच्या तीन चांदण्या मोजून होताच रहमिमने गाडी जुंपली. मास्तर न बोलावता मागे चढले आणि वाटभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेतलं कापूरहोळ मागे पडेपर्यंत ती रहमिमशी बोलत होती. घाण्यात अर्धा घाणा तीळ तसाच राहिलाय, त्याला मुंग्या लागतील, असं काहीतरी. पुढे बोलेनाशी झाली.

भोरच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "मध्येच दुखायचं थांबलं होतं का?"

"व्हय. काल दुपारी."

"आतडं फुटलं तेव्हा. त्याच्या आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

रविवारी ऊन डोक्यावर यायच्या आत ती गेली.

भोरला यहुद्यांचं कबरस्तान नव्हतं. रहमिमने तिला मोटारीने पुण्याला नेलं. तिथल्या समाजाची, प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं जमली आणि सगळं रीतीप्रमाणे झालं. माती देऊन झाल्यावर प्रार्थना चालवणारे म्हातारे हजान त्याच्याजवळ येऊन बसले. कसं झालं, म्हणून त्यांनी विचारलं. रहमिमने सगळं सांगितलं. सांगताना त्याचा स्वर किंचित ताठ झाला.

"शेवटपातुर शनवारचा शब्बाथ मोडला न्हाई तिनं. तिला त्याचं काय तरी मिळंल न्हवं?"

हजानांनी हातातली काठी बाजूला ठेवली. "ती भली बाई होती," ते म्हणाले. "पण रहमिम, तुमच्या वडलांनी तुम्हाला पुढचं सांगितलं नव्हतं का?"

"पुढचं म्हंजी?"

"जिवाला धोका असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा असतो. नुसती शंका असली तरी. तो आपलाच नियम आहे."

"म्हंजी गाडी जुंपली असती तर चाललं असतं?"

हजानांना खोटं बोलता आलं नाही. "जुंपायलाच हवी होती," ते हळूच म्हणाले. "पण तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुमचा दोष नाही."

"मास्तर सांगत हुतं," रहमिम म्हणाला. "पन त्यांनी येगळंच सांगितलं."

गावी परतल्यावर सुतकाचे सात दिवस तो जमिनीवर बसून राहिला. मास्तर रोज येत आणि भाकरी त्याच्यापुढे ठेवून जात. शेवटच्या दिवशी रहमिमने त्यांना हजानांचं बोलणं सांगितलं. मास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"म्हंजी मी नुसतं जीव वाचवा म्हनायला हवं हुतं," ते म्हणाले. "मी शास्त्र सांगत बसलो."

"आपुन दोघंबी शास्त्रावरच भांडत हुतो. ती आत पडली हुती." एवढं बोलून रहमिमने भाकरी जवळ ओढली.

त्यानंतर ओसरीवरचा वाद बंद झाला. मास्तर येत, बसत, पावसापाण्याचं बोलत. शनिवारी घाणा बंदच असे.

पुढच्या माघात सगुणाबाईची सून पारू बाळंतपणाला अडली. दीड दिवस झाला, सुईणीने हात टेकले. सगुणाबाई अंगणात आली आणि रहमिमला पाहून तशीच थबकली. शनिवार होता. ती मागे वळली.

"कुठं निघालीस?" रहमिमने विचारलं.

"गेनबाची गाडी बघते, भाऊ."

"त्याचा एक बैल लंगडतोय. थांब." तो उठला आणि त्याने स्वतःच्या बैलांच्या मानेवर जू ठेवलं.

शाळेच्या दारातून मास्तर धावत आले. चऱ्हाट आवळणाऱ्या त्याच्या हातांकडे ते पाहत राहिले. त्यांनी दबकत विचारलं, "सोडला का नियम, रहमिमभाऊ?"

"न्हाई," रहमिम म्हणाला. "पाळतोय."

सकाळी दहाला गाडी निघाली. आत पारू आणि सगुणाबाई. रहमिम धुरेवर न बसता बैलांच्या बरोबरीने चालला. चढाला त्याने चाकाला खांदा दिला. ऊन डोक्यावर येताना कापूरहोळ आलं. दिवेलागण व्हायला बराच अवकाश होता तेव्हा गाडी भोरच्या दवाखान्यापुढे उभी राहिली.

अंधार पडायच्या सुमाराला सगुणाबाई बाहेर आली. रहमिम पायरीवर बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मिलकाबाई गेल्यापासून त्याला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

"भाऊ, अवो रडता कशापायी? पोरगा झाला. पारूबी हाय झ्याक. डाक्टर म्हनलं, येळंवर आनलं."

रहमिमने मान वर केली नाही. "लांब न्हाई गं," तो म्हणाला. "सात कोस म्हंजी काई लांब न्हाई."

पदर आवरून सगुणाबाई खालच्या पायरीवर बसली. समोर सोडलेले बैल कडबा खात उभे होते.