चढता आकडा, उतरता आकडा

इंजिन तेच, फेरे तेच, आणि काट्यावर आकडे मात्र दोन. दुरुस्त झालेल्या इंजिनांचा जोर मोजून पास-नापास ठरवणारा टेस्टवाला चक्रावून गेला.

इंजिन होतं एका मालवाहू बोटीचं. सावकाश फिरणारं, पण जोर रेड्याचा. ते दुरुस्त केलं होतं टेस्टवाल्याच्या ताईच्या नवऱ्याने, दाजींनी. हे इंजिन नापास होऊन परत गेलं, तर आपल्या गॅरेजला कुलूप लावायचं, असं दाजी घरी बोलून बसले होते. ताईने सकाळीच येऊन ते भावाच्या कानावर घातलं होतं आणि चहाची किटली ठेवून ती तिथेच बाकावर बसली होती.

यंत्र तसं साधं. इंजिन पाण्याने भरलेल्या लोखंडी ढोलातलं चाक फिरवतं, पाणी त्याला अडवतं, ढोलही सोबत फिरू पाहतो. ढोलाला लावलेला दांडा काट्यावर रेटतो आणि इंजिनाचा जोर आकड्यात दिसतो. पण भार वाढवत नेला की आकडा पास व्हायला ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी पडायचा. आधी जास्त भार टाकून मग उतरवत आणला, की तोच आकडा ठरल्यापेक्षा वर जायचा.

"मग उतरतानाचा लिहा की, मेहुणे," दाजी म्हणाले. "देवाने दोन दिलेत, त्यातला एक घ्यायला काय हरकत आहे?"

"दाजी, देव एकच देतो. दुसरा आपण कुठून तरी आणलाय."

"कुठून?"

"तेच तर कळत नाहीये."

बोटमालक दारात उभा होता. "मी नेमका कोणता धरू?" त्याने विचारलं.

टेस्टवाल्याने इंजिन बंद केलं. दांड्याला मापाची वजनं एकेक करून टांगली, मग एकेक करून काढली. इंजिन गप्प असतानाही तसंच. चढताना कमी, उतरताना जास्त. त्याने डोकं खाजवलं. काटा बदलून पाहिला. पाण्याचे पाइप सैल करून पाहिले. फरक शून्य.

"अरे, मारून तरी बघ त्याला," ताई कंटाळून म्हणाली. "आमचा पंखा तसाच चालू होतो."

दाजी हसले. टेस्टवाल्याने मात्र लाकडी हातोडी उचलली आणि ढोलाला हलकेच टकटक केलं. आकडा हलला. पुन्हा टकटक, पुन्हा हलला. ढोल कुठेतरी अडत होता.

ढोल ज्या बेअरिंगवर झुलतो, ती त्याने उघडली. ग्रीस भरपूर; रोज सकाळी नमस्कार करून तो स्वतःच भरत असे. पण ढोल कधी पुरता फिरत नाही, जागच्या जागी डुलतो. सावकाश इंजिनांचे ठोके वर्षानुवर्षं एकाच जागी बसले होते, आणि बेअरिंगमधल्या गोळ्यांनी त्यांच्याभोवतीच्या कड्यात खळगे पाडले होते; ढोल त्यांतच अडत होता. कडं अधूनमधून थोडं फिरवून बसवायचं असतं, हे तो ग्रीसच्या नादात विसरूनच गेला होता.

त्याने कडं फिरवून कोरी जागा खाली घेतली. वजनं पुन्हा टांगली, काढली. आता चढताना जो आकडा, तोच उतरताना.

इंजिन चालू झालं. भार चढला, उतरला. एकच आकडा, आधीच्या दोन्ही आकड्यांच्या मधला. ठरल्याच्या जेमतेम वर.

"पास," टेस्टवाला म्हणाला. बोटमालक मान हलवून गाडी आणायला गेला. ताईने कप भरले.

दाजींनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. "मेहुणे, मागच्या महिन्यात तुमच्या आकड्यावरून मी एक इंजिन पुन्हा अख्खं उघडलं. आत काही सापडेना, तरी पिस्टन बदलले. तो आकडा चढतानाचा होता का?"

"मी नेहमी चढतानाचाच घेतो."

"म्हणजे ते चांगलं होतं?"

टेस्टवाल्याने ढोलाकडे पाहिलं, मग दाजींकडे. "असेलही. नसेलही. आता काय सांगू, दाजी?"

दाजी बाकावर ताईजवळ बसले आणि सरकून त्यांनी शेजारी जागा केली. "बसा. चहा गार होतोय."