उलटा खांब

पुलावरच्या मधल्या मनोऱ्याचे चार खांब उभे करायचा मुहूर्त सकाळी नऊचा होता, आणि आठ वाजता पेइच्या आजोबांच्या लक्षात आलं, की चौथा खांब उलटा आहे.

त्यांचं नाव लू ताइचेंग, आणि पुलाचे मुख्य सुतार तेच. पण नात पेइ जन्मली तेव्हापासून, दोंग जमातीत सगळ्यांचं होतं तसं, त्यांचंही नाव मागे पडून ते नुसते ‘पेइचे आजोबा’ झाले होते. नदीकाठी आडवे ठेवलेले खांब ते शेवटचं चाचपून बघत होते. चौथ्याच्या खाचेत बोटं घातली आणि ते तिथेच थांबले. आत फांदीची गाठ होती, आणि ती तिरपी, खांबाच्या पायाकडे निघाली होती. फांदी वर जाते. म्हणजे ज्याला त्यांनी शेंडा धरलं तो बुंधा होता.

चूक कशी झाली तेही आठवलं. प्रत्येक ओंडक्याच्या बुंध्याला ते शाईची फुली मारून ठेवत. या एकाचा बुंधा चिरला होता, म्हणून वीतभर कापून टाकला. फुली त्या तुकड्याबरोबर चुलीत गेली. दोन्ही टोकं सारखीच जाड दिसत होती, आणि त्यांनी अंदाज केला.

झाड वाढलं तसंच उभं करायचं, हे गावातलं पोरसुद्धा जाणतं. पण या खांबाचं कुणाला कळलं नसतं; भार त्याने बिनतक्रार उचलला असता. आणि आज बोलणं परवडणारं नव्हतं. पुरात गेलेल्या लाकडी पुलाचे, एकावर एक छपरं असलेले तीन मनोरे परत बांधायचे होते. आजोबांकडे कागद नव्हता. खांबाएवढी लांब, उभी चिरलेली बांबूची काठी होती आणि तिच्यावर शाईच्या खुणांत सगळी मापं. हा मनोरा नीट उभा राहिला तरच बाकीचे दोन काठीवर बांधायचे, नाहीतर यांग रुइच्या संगणकातल्या आराखड्यांवर, असं सरकारी कार्यालयाशी ठरलं होतं.

‘‘आजोबा, दोर बांधायला घेऊ?’’ यांग रुइने विचारलं. गावचाच मुलगा, शहरात शिकून आलेला.

‘‘थांब जरा. म्हणजे... माझंच काही चुकत असेल...’’ आजोबांनी पुन्हा खाचेत बोटं घातली. गाठ होती तिथेच होती. ‘‘हा खांब उलटा आहे. मीच केलाय.’’

दोर धरून उभ्या असलेल्या तीस-चाळीस लोकांनी दोर खाली ठेवले. वरच्या आळीतले मिआओ जमातीचे लोक बांबूचे पावे घेऊन वाजवायला आले होते, त्यांतल्या एकाने विचारलं, ‘‘मग आम्ही वाजवायचं की घरी जायचं?’’

‘‘तुम्ही वाजवलंत की आम्हालाच घरी जावंसं वाटतं,’’ कुणीतरी म्हणालं. थोडं हसू झालं.

तेवढ्यात चिकट भाताची टोपली घेऊन न्यूची आजी आली. प्रत्येक घराने पुलाला एकेक झाड दिलं होतं, आणि आपलं झाड कुठे लागलंय ते तिने रोज येऊन बघितलं होतं.

‘‘कुठला उलटा? हा? अरे, हा माझा!’’ टोपली तिने खाली आदळली. रागावली की ती खरं नाव घेई. ‘‘ताइचेंग! चाळीस वर्षं माझं झाड डोंगरावर सरळ उभं होतं, आणि तू त्याला शीर्षासन करायला लावतोस?’’

‘‘चुकलं, वहिनी.’’

‘‘चुकलं म्हणे! दात पडले तरी डोकं कुठे नि पाय कुठे ते कळत नाही.’’

मुहूर्त काढून देणारे म्हातारे शी गुरुजी ओट्यावर चहा पीत होते. ते शांतपणे म्हणाले, ‘‘मुहूर्त पहिल्या खांबाचा असतो. पहिला नऊला उभा करा. चौथ्यासाठी कुणी पंचांग बघत नाही.’’

‘‘पण वाळलेला ओंडका कुठून आणू?’’ आजोबा म्हणाले. ‘‘ओला लावला तर आकसेल.’’

न्यूच्या आजीने कमरेवर हात ठेवले. ‘‘माझ्या घराखाली आहे. चार वर्षं वाळतोय. नातवाच्या, न्यूच्या घरासाठी ठेवला होता. तो राहतो शहरात नवव्या मजल्यावर, त्याला काय करायचाय खांब? घेऊन जा. आणि माझ्या आधीच्या झाडाचं काय?’’

‘‘कठड्याचा बाक करू. आडव्याला बुंधा-शेंडा नसतो.’’

‘‘माझ्या बाजूला कर. ऊन येतं तिकडे.’’

नऊला पावे वाजले आणि पहिला खांब उभा राहिला. दुसरा, तिसराही राहिला. तोवर आठ जणांनी नवा ओंडका आणला. यांग रुइने संगणक उघडला आणि डोकं खाजवलं. नवा ओंडका जुन्यापेक्षा दोन बोटं जाड होता, आणि प्रत्येक खाचेचं माप आता बदलणार होतं.

आजोबांनी बुंध्याला फुली मारली, दुसऱ्या टोकालाही ‘शेंडा’ अशी खूण केली आणि काठी ओंडक्यावर ठेवली. खाच किती उंचीवर ते काठी सांगत होती. खाचांची खोली ते बांबूच्या बारीक पट्ट्या प्रत्येक तुळईच्या टोकाला लावून घेत होते. यांग रुइ गुडघ्यांवर बसून काठी धरायला लागला.

‘‘ही खूण कसली, आजोबा?’’

‘‘दुसऱ्या छपराची. हलवू नकोस.’’

आजोबा पटाशीने एकेक खाच पाडत गेले. मग यांग रुइने विचारलं, ‘‘कार्यालयाला काय लिहू?’’

‘‘लिही, की म्हाताऱ्याने खांब उलटा केला.’’

‘‘तेच लिहितो. आणि त्यानेच ओळखला, हेही. माझ्या आराखड्यात दोन्ही टोकं सारखीच होती. बाकीचे दोन मनोरेही काठीवरच बांधू, असं कळवतो. मी ती धरायला येईन.’’

आजोबांनी पटाशीची धार बघितली, ती चांगलीच होती.

चार वाजता चौथा खांब उभा राहिला आणि तुळया एकेक करून खाचांत जाऊन बसल्या. भात गार झाला होता. आंबवलेल्या माशाबरोबर लोकांनी तो तसाच, पुलाच्या तोंडाशी बसून खाल्ला. न्यूच्या आजीने खांबावर तळवा ठेवला.

‘‘डोकं वरच आहे ना, भावजी?’’

‘‘आहे, वहिनी. तीनदा बघितलं.’’

‘‘चौथ्यांदा बघा.’’

हातातला घास टोपलीत ठेवून ते उठले आणि त्यांनी बघितलं.