पाठचा वारा

ती हिरवी गाडी पुन्हा उभी होती.

जुनी रेल्वेची वाट जिथं डांबरी रस्त्याला छेदते, तिथंच कडेच्या गवतात अर्धी दडल्यासारखी. सकाळपासून ही तिसरी खेप. अर्लीन सोबोट्कानं वेग कमी केला नाही, उलट पायडलवर जोर दिला. गाडीतल्या दांडग्या म्हाताऱ्यानं खिडकीतून हात बाहेर काढला.

“वारा फार सुटलाय आज! पाणी-बिणी हवंय का, बाई?”

“माझं मी आणलंय,” ती म्हणाली आणि मान न वळवता पुढं गेली.

हँडलला लावलेल्या छोट्या आरशात मात्र ती बघत राहिली. गाडी सुरू झाली, रस्त्याला लागली आणि वाटेला समांतर, पश्चिमेकडं निघून गेली. म्हणजे पुढच्या फाटकावर पुन्हा असणार. आरशातून माणसं ओळखण्यात तिची हयात गेली होती. शाळेची बस चालवायची ती. मागच्या बाकावर कोण कुणाला चिमटा काढणार आहे, हे तिला चिमट्याच्या आधी कळायचं. आणि हा म्हातारा काहीतरी लपवतोय, हे तर आंधळ्यालाही कळलं असतं.

रूळ उखडून नेल्याला जमाना झाला होता. मागं राहिला होता मुरमाचा सरळ पट्टा. दोन्ही अंगांना नेब्रास्काचं गवत, मधूनच एखादी पाणी उपसणारी पवनचक्की, आणि माणूस म्हणाल तर नावाला नाही. याच एकांतासाठी ती आली होती. हिवाळ्यात दोनदा तिच्याकडून शेगडी चालू राहिली होती. एकदा चर्चहून घरी येताना रस्ता चुकून ती भलत्याच गावात पोचली होती. तेवढ्यावरून डीना, तिची मुलगी, घर विकायच्या गोष्टी करू लागली होती.

“माझ्याजवळ ओमाहाला येऊन राहा, आई. तिथं तुझ्यासारख्यांसाठी चांगल्या जागा आहेत.”

“माझ्यासारख्यांसाठी म्हणजे कशांसाठी गं?”

डीना कपबशा आवरू लागली होती. मग अर्लीननंच सांगून टाकलं होतं, “ही रेल्वेची वाट शेवटपर्यंत एकटीनं सायकलवर करून दाखवते. मग घराचं बोल.”

दुपारी एका गावात ती जेवायला थांबली. गाव कसलं, धान्याची उंच कोठारं, एक चर्च आणि एक खानावळ. खानावळवालीनं कोबी-खिमा भरलेला गरम पाव समोर ठेवला.

“सावकाश खा हं, अर्लीन. आणि टोपी घालून निघा, ऊन भाजतंय.”

अर्लीनचा घास हातातच राहिला. “माझं नाव तुला कुणी सांगितलं?”

बाईची नजर क्षणभर खिडकीकडं गेली. “तुम्हीच नाही का सांगितलंत, आल्या आल्या?”

सांगितलं होतं? तिला आठवेना. आणि आठवत नाही म्हणावं, तर तेही या बाईसमोर म्हणायची सोय नव्हती. खिडकीबाहेर पाहिलं तर रस्त्यापलीकडं हिरव्या गाडीचा टप चमकत होता. दोघं मिळालेले आहेत, तिनं ताडलं. निम्मा पाव कागदात गुंडाळून तिनं मागच्या दारानं सायकल काढली.

गावाच्या पश्चिम टोकाला, पूर्वी गुरं मालगाडीत चढवायचे त्या मोडक्या कोंडवाड्याच्या फळ्यांमागं ती लपली. स्वतःचं तिला हसू आलं. या वयात पोरांसारखी लपाछपी! पण हसू ओठांवरच विरलं. गाडी हळूहळू पुढं गेली, थांबली, परत फिरली. म्हातारा खाली उतरून वाटेवरची चाकोरी वाकून बघत होता. मग खानावळीकडं गेला.

तो दिसेनासा झाल्यावर सायकल बाहेर काढली, तर मागचं चाक बसलेलं. कोंडवाड्यात सराट्याचे काटे माजले होते. शिव्या घालत तिनं सायकल उलटी केली, ट्यूब काढली, थुंकी लावून भोक शोधलं, ठिगळ चिकटवलं. हात अजून पक्के होते. डीनाला हे दाखवायला हवं होतं, तिच्या मनात आलं. सायकल सुलटी करून ती घाईनं निघाली.

आणि गंमत म्हणजे, दिवसभर तोंडावर थपडा मारणारा वारा एकाएकी पाठीशी आला होता. सायकल जणू उतारावर धावत होती. ती चक्क गुणगुणू लागली. कडेनं कोठारं मागं पडली; या भागात गावोगाव ती असतातच, तिनं मानही वळवली नाही. मधूनच पलीकडच्या रस्त्यावर भोंगा ऐकू यायचा. हिरवी गाडी भरधाव येत होती, म्हातारा हात हलवत होता. तिनं पाहिलंच नाही असं केलं. पुढं नदीवरचा उंच लोखंडी पूल दिसला आणि तिला हायसं वाटलं. पुलावर गाडी येऊ शकत नाही. या लाइनीवरचे पूल सगळे एकाच साच्यातले.

अर्ध्यावर आली, तेव्हा पलीकडून म्हातारा चालत येताना दिसला. धापा टाकत, दोन्ही हात वर करून.

ती थांबली. हवा भरायचा पंप काढून तिनं मुठीत धरला. “तिथंच उभा राहा! एक पाऊल पुढं टाकलंस तर डोकं फोडीन!”

“फोडा, पण आधी ऐका,” तो कठड्याला टेकला. “मी वेंडल. ही वाट साफसूफ ठेवायचं काम करतो. तुमच्या डीनानं खानावळवालीला, मला, वाटेवरच्या आम्हां सगळ्यांना निरोप दिलाय, आईवर लक्ष ठेवा म्हणून. तुम्हाला कळू देऊ नका, असंही बजावलंय. मला हे पटलं नव्हतं, पण पोरगी फोनवर रडत होती.”

“बरी गोष्ट रचलीस! म्हणून भोंगे वाजवत मागं लागलास?”

“भोंगा वेगळ्यासाठी.” त्यानं टोपी काढली. “अर्लीनबाई, तुम्ही परत चाललाय. हा पूल सकाळीच ओलांडलात की तुम्ही.”

“आता मला उलटं फिरवायला बघतोस काय? सकाळचा पूल वेगळा!”

तो तिच्या चाकापुढच्या फळ्यांकडं बघत राहिला. तिनंही पाहिलं. तिची सावली लांबट होऊन समोर पडली होती. दुपार कलली होती. पश्चिमेला जाणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन हवं होतं, आणि तिची तर पाठ भाजत होती.

खालून पाणी वाहत होतं. पंप धरलेला हात हळूहळू खाली आला.

“पंक्चर काढलं मी,” ती म्हणाली. “सायकल उलटी केली होती. कुणाचंही होईल असं.”

“माझंही झालं असतं,” वेंडल म्हणाला. “हे बघा, डीनाला मी काही कळवलेलं नाही. कळवायलाच हवं असंही नाही.”

तिनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच तिला त्यात काही लपलेलं दिसलं नाही. मग पिशवीतून सकाळपासून बंद ठेवलेला फोन काढून तिनं चालू केला.

“डीना, मी. नाही, पडले-बिडले नाही. ऐक. मी उलट्या दिशेनं निघाले होते, आणि माझ्या लक्षातही आलं नाही.” तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “ये मला न्यायला. पण त्या कोठारांच्या गावात ये. तिथवर मी चालवत येणार. आणि पुन्हा माझ्यामागं माणसं लावलीस, तर याद राख.”

“सायकल टाकू का गाडीत?” वेंडलनं विचारलं.

“नको. तू रस्त्यानं चल, मला दिसशील असा.”

तिनं सायकल वळवली. वारा समोर, ऊन डोळ्यांत. पलीकडच्या रस्त्यावर हिरवी गाडी पिवळे दिवे उघडझाप करत पायी चालल्यासारखी चालली होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या शिव्या वेंडल खात होता. अर्लीन मधूनमधून तिकडं बघून घेत होती.

गावात पोचली, तेव्हा कोठारांच्या सावल्या पार चर्चपर्यंत गेल्या होत्या. डीनाची गाडी खानावळीसमोर उभी होती. डीना धावत वाटेवर आली. “आई!”

अर्लीननं हात वर केला, पण थांबली नाही. तिच्यासमोरून तशीच पुढं गेली, मोडका कोंडवाडा ओलांडून, गावाचं शेवटचं कुंपण संपतं तिथवर. तिथं तिनं पाय टेकला. मुरमाचा पट्टा लालसर उजेडात सरळ मावळतीला निघाला होता. तिनं तो डोळे बारीक करून, दिसेल तितका पाहून घेतला.

मग सायकल वळवली आणि परत आली. हँडल धरायला डीनानं हात पुढं केला.

“राहू दे,” अर्लीन म्हणाली, आणि वाकून तिनं स्टँड स्वतःच लावलं.