पोळ्याच्या दिवशीची दमणी

आमच्या ह्यांना शहाणं म्हणावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बैलांच्या शिंगांना लावायला रंग आणायचा म्हणून बोदवडला गेले आणि माझ्या भावाच्या कामाचा शब्द नेमका पोळ्याच्याच दिवसाचा देऊन आले. पिशवीत रंगाच्या पुड्या, गोंडे, नव्या वेसणी आणि डोक्यात काहीच नाही.

माझा भाऊ वना फौजेत बिनतारी यंत्रं दुरुस्त करायचा. अठ्ठेचाळीस साली काश्मिरात त्याचा ट्रक दरीत गेला आणि पाठीचा कणा मोडला. कमरेखाली त्याला काही कळत नाही. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून चाकाची खुर्ची घेऊन तो माझ्याच घरी आला, कारण आईबाप राहिले नव्हते. हात मात्र सोन्यासारखे. पण काम कोण देणार? एका किराणावाल्यानं दिलं, तर त्याला छातीवर बिल्ले लावून दारात बसवलं. लोकांनी शिपाई बघायला यावं आणि जाताना गूळ घ्यावा. वना दोन-चार दिवसांतच परत आला. “अक्का, मी काय मखरातला गणपती आहे का?” म्हणाला आणि ओसरीच्या बाहेर पडायचाच बंद झाला. मला इतका संताप आला की त्या दुकानातून मीठसुद्धा आणायचं मी सोडलं.

मग ह्यांना नूर महंमद भेटले. बोदवडला त्यांचं शिवणाची मशीनं दुरुस्त करायचं दुकान. नजर अधू झालेली, मुंबईला डोळ्यांचं ऑपरेशन ठरलेलं. वनाचं ऐकून त्यांनी हळहळ केली नाही, नीट विचारपूस केली. बसून बसून वनाला जखमा होतात, मधूनमधून आडवं व्हावं लागतं, हे ह्यांनी सांगितलं. तर म्हणाले, मागच्या खोलीत बाज टाकतो, आणि टेबल उंच करून घेतो, म्हणजे खुर्ची खाली सरकेल. पोळ्याच्या संध्याकाळी त्यांची गाडी होती. त्याआधी वनानं त्यांच्यासमोर एक बिघडलेलं मशीन चालू करून दाखवायचं. जमलं तर दुकान त्याच्या हाती, नाही आला तर भुसावळचा एक कारागीर यायला तयारच होता. ह्यांनी आनंदाच्या भरात मान डोलावली.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक. श्रावणातल्या चिखलात खुर्ची रुतते, मोटार गावापर्यंत येत नाही. सकाळी शेजारचे जीवराम आबा दारात उभे राहिले. माणूस मूळचा धुळ्याकडचा, बोली अजून तिकडचीच.

“आज बैलनी मान मोकळी शे, पितांबर,” ते ह्यांना म्हणाले. “मी जुंपू देवाव नही.”

“जुंपायचे नाहीतच,” वना आतून म्हणाला. “वर्षातून एक दिवस मिळतो त्यांना. राहू दे अक्का, नशिबात नाही.”

ते ऐकलं आणि माझा पोळपाटावरचा हात थांबला. हा पुन्हा ओसरीत बसणार, आणि आता कायमचं बसणार, हे मला दिसत होतं. मी रडले, आणि रडता रडता ह्यांना नाही नाही ते बोलले.

हे तडक अंगणात उतरले. तिथं वनासाठी मागून आणलेली आबांची दमणी उभी होती, बसून जायची हलकी गाडी. ह्यांनी डोक्याचं मुंडासं सोडून खांद्यावर घडी घातली आणि स्वतः जुवाखाली शिरले. आबांनीही धोतर खोचलं आणि ते दुसऱ्या बाजूनं उभे राहिले.

“माणसाले कोनी बंदी करेल शे?” म्हणाले.

वना लाजेनं लालबुंद झाला. “मला नाही जायचं असं. लोक काय म्हणतील?”

“लोक पुरणपोळ्या खातायत,” मी म्हटलं. “चूप बस.” गादी घातली, त्याला उचलून बसवलं, खुर्ची मागं बांधली आणि मी मागून ढकलायला लागले. वाटेत ज्यानं त्यानं हात लावला. नाल्याच्या चढावर तर वनाच वरून ‘डावीकडं घ्या, दगड आहे’ म्हणून सांगायला लागला.

दुकानात त्यानं एक जुनं मशीन उघडलं, आतला गुंता काढला, तेल दिलं आणि कापडाच्या चिंधीवर सरळ टाका घातला. नूर महंमदांनी चिंधी डोळ्याजवळ नेली, मग बोटानं टाका चाचपला आणि कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“बैल कुठे बांधलेत? चारा टाकायला सांगतो,” ते म्हणाले.

“बाहेर ओट्यावर बसलेत,” वना म्हणाला. “त्यांना चहा पाजा.”

परत आलो तोवर गावातल्या बैलांची मिरवणूक दारोदार फिरत होती. आमच्या जोडीचे पाय धुऊन मी कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. घमेलं उचलणार, तेवढ्यात वना म्हणाला, “अक्का, मला खाली बसव. आणि पाणी राहू दे.”

त्यानं ह्यांचा चिखलानं भरलेला पाय ओढून घमेल्यात घेतला. हे पाय सोडवायला लागले. “अरे, लग्नात तुझ्या बापानं धुतलेत की.”

“माझे पाय इतकी वर्षं दुसऱ्यांनीच धुतले, दाजी,” वना म्हणाला. “आज मला धुऊ द्या.”

मग ह्यांनी पाय ओढला नाही. वनानं ह्यांचे आणि आबांचेही पाय घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून नीट धुतले. आबा उपरण्यानं डोळे पुसत होते. मी आत जाऊन पुरणपोळीची ताटं वाढायला घेतली, आणि ह्यांच्या ताटात तूप जरा जास्तच पडलं.