खोबरेल लावलेलं पिस्तूल

मी एक पिस्तूल बोलतोय. दचकू नका, आत गोळी नाही. गोळ्या भरायचं मॅगझीनसुद्धा वेगळं काढून शेजारच्या पिशवीत ठेवलंय. ज्या कारखान्यात जन्मलो त्याच कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात सध्या एका प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये मी आडवा पडलोय. माहेरी आलोय म्हणा हवं तर, पण आल्यापासून कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नाही.

माझा जन्म साधाच. पोलादाचा ठोकळा, यंत्रांची कातरकूतर, वर काळा मुलामा. एका बाईने पाच-सहा बार काढून मला पास केलं आणि खोक्यात बंद केलं. ॲरिझोनातल्या चँडलर गावी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात माझं बालपण गेलं. तिथे माणसं फार जवळून पाहायला मिळाली. बाप्ये मला हातात घेतात, पोट आत ओढतात आणि भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरतात. सगळे तेच करतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्याला ते शोभतं.

सत्यजित आला तेव्हा त्याने नेम धरला नाही. त्याने विचारलं, "वॉरंटी किती?" दुकानदाराने सांगितलं, आयुष्यभराची. झालं, त्याच क्षणी आमची पत्रिका जुळली.

सत्यजित मूळचा नागपूरचा, चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनीअर. माणूस इतका सज्जन की पाल घराबाहेर काढायला शेजाऱ्याला बोलावतो. नुकताच अमेरिकेचा नागरिक झाला होता. त्यातच गल्लीतल्या तीन घरांच्या दारातून पार्सलं चोरीला गेली आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एका पार्सलमध्ये म्हणे कुत्र्याचे स्वेटर होते. तरी सत्यजितची झोप उडाली. धीर दुकानात मिळत नाही, म्हणून त्याने मला घेतलं.

घरी आल्यावर त्याची बायको यामिनी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सत्या, तुला नारळ नीट फोडता येत नाही. हे कशाला?"

"सेफ्टीसाठी गं. लॉक करून ठेवणार आहे."

"लॉक करून ठेवलं तर सेफ्टी कशी होणार?"

त्याने तिजोरीचं माहितीपत्रक उघडलं. हे कोडं मलाही सुटलं नाही, आणि मी तर त्याच धंद्यातला. माझी रवानगी कपाटातल्या लहान तिजोरीत झाली. तिथे तीन पासपोर्ट होते, यामिनीच्या पाटल्या होत्या आणि केशराची एक डबी होती. केशर तिजोरीत ठेवणारी माणसं मी तरी पहिल्यांदाच पाहिली. यामिनी शिऱ्यासाठी तिजोरी उघडायची, तेव्हा मला उजेड दिसायचा. सत्यजितने मला वर्षातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर नेलं. बार काढताना तो डोळे गच्च मिटायचा. एकदा त्याने शेजारच्या माणसाच्या कागदाला भोक पाडलं आणि दहा वेळा सॉरी म्हणाला.

असं आमचं छान चाललं होतं. मग नागपूरहून आजी आल्या.

सत्यजितची आई, अहिल्याबाई. सहा महिन्यांसाठी मुलाकडे राहायला आलेल्या. खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी पाट मांडला. या घरात दरवर्षी त्या दिवशी शस्त्र म्हणून लॅपटॉप, मिक्सर आणि स्क्रू ड्रायव्हरचा डबा पाटावर बसायचा, हे मला त्या दिवशी कळलं. आजींना माझा सुगावा लागला होता.

"अरे, घरात खरं शस्त्र असून मिक्सरला हळदकुंकू लावायचं का बाप्पा? आण ते बाहेर."

सत्यजितने मला काढलं. मॅगझीन तिजोरीतच ठेवलं, आत गोळी नाही हे तीनदा तपासलं आणि मला पाटावर ठेवलं. तेवढ्यात त्याला ऑफिसचा कॉल आला आणि तो वरच्या खोलीत गेला. पुढचा दीड तास तो आपलं मत म्यूटवर ठेवून बसला होता.

आजी कामाला लागल्या. ओल्या फडक्याने मला पुसलं. हळद लावली, कुंकू लावलं. अक्षता टाकल्या, त्यातल्या काही थेट नळीत गेल्या. झेंडूचं फूल वाहिलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. दुकानात इतक्यांनी हाताळलं, पण पाया कुणी पडलं नव्हतं. मग आजींना आठवलं की शस्त्राला तेल लागतं. ते खरंच आहे. फक्त त्यांनी स्वयंपाकघरातून खोबरेलची बाटली आणली आणि जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे ओतलं. नातवंडाच्या टाळूवर घालावं तसं मायेने घातलं. कुंकू, हळद, तांदूळ आणि तेल, सगळं माझ्या पोटात उतरलं.

आणि मग तिथे रुही आली. सत्यजित-यामिनीची मुलगी, वय वर्षं सात.

"आजी, can I do it too?"

"ये की. उजव्या हाताने लाव."

तिने माझ्या दस्त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि मग, सगळे करतात तेच, मला उचलून खिडकीकडे धरलं. नळीत तांदूळ होते, गोळी नव्हती. हे मला माहीत होतं, सत्यजितला माहीत होतं. त्याच वेळी दारातून आत आलेल्या यामिनीला माहीत नव्हतं.

ती ओरडली नाही. हळूच पुढे झाली, रुहीच्या हातातून मला काढून घेतलं आणि पाटावर नाही, उंच फ्रिजवर ठेवलं. मग तिने रुहीला स्वतःच्या मागे ओढलं, आणि त्याचं कारण मी होतो. मला आजवर घाबरवायचीच नोकरी होती, पण कुणी माझ्यामुळे असं घाबरलेलं मला पहिल्यांदाच आवडलं नाही. आजी बिचाऱ्या गोंधळून म्हणाल्या, "अगं, पूजाच करत होती ती." यामिनी म्हणाली, "हो आई, माहितीये," आणि बेसिनपाशी जाऊन खूप वेळ हात धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत रुहीने वर्गाला अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे गन आहे आणि मी तिची पूजा केली.

तुम्ही अमेरिकेत राहत नसाल तर एक पद्धत सांगतो. इथे मुलाला दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवण्याआधी आया विचारतात, कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हो आमच्या बाळाला, आणि घरात बंदूक आहे का. चँडलरमध्ये बंदुका घरोघरी आहेत, त्याचं कुणाला फारसं वाटत नाही. तिजोरीत असते म्हटलं की भागतं. पण जमिनीवर फुलांत मांडलेली आणि पोरीने हातात घेतलेली बंदूक, हे कुणालाच झेपलं नाही. नोव्हेंबरात रुहीच्या वाढदिवसाला अकरा मुलं बोलावली होती. आली एक. अनया नावाची ती मुलगी आली, तिची आई पर्स मांडीवर घेऊन दोन तास सोफ्यावर बसून राहिली आणि केक कापताच दोघी निघाल्या. उरलेल्या दहा कागदी टोप्या रुहीने एकात एक घालून ठेवल्या. तिजोरीच्या दारातून मला तिचा आवाज येत होता. ती आईला विचारत होती, "Did I do the puja wrong?"

यामिनीने सत्यजितला एकदाच सांगितलं, "मला हे घरात नकोय." तो म्हणाला, बघू. मराठी माणूस बघू म्हणाला की निदान सहा महिने काही बघत नाही.

पण डिसेंबरात थंडी पडली आणि माझ्या पोटातलं खोबरेल थिजलं. रेंजवर सत्यजितने माझा वरचा भाग मागे ओढायचा प्रयत्न केला, तो हलेना. चापही दबेना. रेंजवरच्या माणसाने मला हुंगून बघितलं आणि विचारलं, "यात काय घातलंय?" सत्यजित लाजेने लाल झाला. आईने तेल ओतलं, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते त्याला सुचेना. कुठल्याही कारागिराने मला अर्ध्या तासात साफ केलं असतं. पण सत्यजितला आठवलं, आयुष्यभराची वॉरंटी आहे.

मग सुरू झालं माझं पाठवणं. सत्यजित आधी पोस्टात निघाला होता. त्याचा मित्र सिद्धेश फोनवर किंचाळला, "अरे यार, पोस्टाने साध्या माणसाला पिस्तूल पाठवता येत नाही, गुन्हा आहे तो. कंपनीला फोन कर आधी." सिद्धेश स्वतः व्हिसावर, आणि व्हिसावरच्यांना बंदूक बाळगायला मनाई. पुढे खोकं तयार झाल्यावर सत्यजितने ते गाडीत ठेवायला त्याला घरी बोलावलं, तर तो अंगणातच थांबला. "मी बघणारपण नाही त्याच्याकडे. माझं ग्रीन कार्ड अडकलंय."

कंपनीने रीतसर सगळं कळवलं. कुरियरचं छापील लेबल ईमेलने आलं. गोळी एकही पाठवायची नाही. पिस्तूल रिकामं, मॅगझीन वेगळं. बाहेर कुठेही काय आहे ते लिहायचं नाही. आत नाव, पत्ता, फोन आणि बिघाडाचं वर्णन. खोकं साधं हवं. या घरात साधं खोकं मिळणं कठीण, कारण प्रत्येक खोक्यावर चकली नाहीतर पापड छापलेले. शेवटी चिवड्याचं खोकं उलटं करून वापरलं. बिघाडाच्या रकान्यात सत्यजितने वीस मिनिटं विचार करून लिहिलं, 'बाहेरचा पदार्थ आत गेला आहे.'

टेप यामिनीने लावली. चारी बाजूंनी, दोन-दोन वेढे. "दुरुस्त होऊन परत इथेच येणार?" तिने विचारलं.

"हो, थेट घरी. मोठ्या माणसाने सही करून घ्यायची."

"दिवसा घरी कोण असतं, सत्या? मीच ना? म्हणजे सही माझी."

त्याने गाडीची किल्ली घेतली. कुरियरच्या मोठ्या डेपोत त्याने आत काय आहे ते काउंटरवर सरळ सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने मान डोलावली, वजन केलं आणि मला पट्ट्यावर सोडलं. माझी एवढी दहशत, आणि त्याने जांभई दिली.

इथे दुरुस्ती खात्यात डॉयल नावाच्या मिशाळ कारागिराने मला उघडलं. त्याने सात तांदूळ चिमट्याने काढून कागदावर ओळीने ठेवले. लाल-पिवळा लगदा हुंगला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "ॲरिझोना ना? खोबऱ्याचा वास येतोय, उन्हाचं क्रीम असणार." मग त्याने मला असं धुतलं, पुसलं, योग्य ते तेल दिलं की मी जन्मताना होतो तसा झालो. चाप कसा हलका. वरचा भाग कसा सुळकन मागे जातो. मी लगेच घरी जायच्या तयारीला लागलो. स्वभाव म्हणतात तो हाच.

गेल्या सोमवारी डॉयलने सत्यजितला फोन लावला. स्पीकर चालू होता. शाळांना सुट्टी होती आणि फोन रुहीने उचलला.

"डॅडी बाहेर फुगे लावतोय," ती इंग्रजीत म्हणाली. "माझी बर्थडे पार्टी आहे. परत. या वेळी सगळे आलेत."

मागे असा गलका होता की डॉयलने फोन कानापासून लांब धरला. कुणीतरी पायऱ्यांवरून धबाधब उतरत होतं. कुणाला सू लागली होती. यामिनीने प्रत्येक आईला फोन करून सांगितलं असणार, ते आता घरात नाही. ते म्हणजे मी. माझ्या जाण्याने त्या घरात अकरा पोरं आली होती.

सत्यजित फोनवर आला. डॉयलने सांगितलं, पिस्तूल नव्यासारखं झालंय, गुरुवारी सहीला कोण असेल?

पलीकडून फक्त पोरांचा आवाज येत राहिला. मी डॉयलच्या हातात होतो. खरं सांगायचं तर मला परत जायचं होतं. जुनी तिजोरी का होईना, पण केशराचा वास होता, अधूनमधून उजेड होता. आणि तरी मी मनात म्हणत होतो, सत्या, बघू म्हणू नकोस. आयुष्यात एकदा तरी नेम धर बाबा.

"परत नको असेल तर काय करावं लागतं?" सत्यजितने विचारलं.

डॉयलने शांतपणे सांगितलं, एक फॉर्म असतो, त्यावर सही केली की आम्ही तुकडे करून वितळवतो. त्याला यात काही नवं नव्हतं. सत्यजित म्हणाला, पाठवा.

फॉर्म काल सही होऊन आला. डॉयलने छापून माझ्या ट्रेला चिकटवलाय. वितळवायची भट्टी शुक्रवारी लागते. पुढे माझं काय होईल ते माहीत नाही. बिजागरी होईल, कढई होईल, काही का होईना. एवढंच मागणं आहे की बनवाल त्याला कुलपात ठेवायची वेळ येऊ नये.

फॉर्मवर कारणाचा रकाना आहे. सत्यजितने या वेळी वीस मिनिटं घेतली नसावीत, कारण अक्षर घाईचं आहे. त्याने लिहिलंय, 'आमच्या घरी मुलं येतात.'

वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. तुमच्यात निरोप घेताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, हे त्या घरात राहून मी शिकलो. मी मात्र मुद्दाम म्हणतोय. जातो मी.