बाईसाहेबांचं अपचन

ताईने गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि पुठ्ठ्यावरचा डाग बघून तिचं डोकंच फिरलं. काल अंथरलेला कोरा पुठ्ठा, आणि आज त्यावर तळहाताएवढं काळं तेल.

गाडी म्हणजे बाईसाहेब. दोन माणसांपुरती, कापडी टपाची, पिस्ता रंगाची जुनी स्पोर्ट्स कार. ताईने आणि तिच्या धाकट्या भावाने तरुणपणी निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेली. आता दोघांचे केस पिकले, बाईसाहेब मात्र अजून तुकतुकीत, कारण ताई त्यांना रोज पुसते. धाकटा पुसत नाही. गळती सुरू झाली तेव्हाच त्याने घरादारासमोर जाहीर केलं होतं की या गाडीला आपण यापुढे बोटही लावणार नाही. आणि आपण एकदा बोललो की बोललो, असं धाकटा स्वतःच सगळ्यांना सांगत असतो.

आता तर त्याने गिऱ्हाईकही गाठलं होतं. दातांचे डॉक्टर.

"रविवारी येतायत ते गाडी बघायला," तो म्हणाला. "तोवर गळती थांबली तर त्यांना चहा पाजून परत पाठवतो. नाही थांबली तर देऊन टाकू. या वयात तू गाडीखाली लोळतेस, ताई, माझा जीव टांगणीला लागतो."

"ठरलं," ताई तावातावाने म्हणाली, आणि लगेच पस्तावली. बाईसाहेब गेल्या तर सकाळी उठून करायचं काय, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

तिने काही कमी उपाय केले नव्हते. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, फिल्टरचं रबर बदललं, तळाच्या बोल्टला नवा वायसर घातला. प्रत्येक दुरुस्तीनंतर गळती वाढत गेली. ताईने जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली होती, आणि जेवढं तेल गेलं तेवढंच परत द्यायचं हा तिथला नियम तिने गाडीलाही लावला होता. रोज सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग बघायचा आणि अंदाजाने तेवढं तेल वरून ओतायचं. तेल मोजायची दांडी होती, पण तिची कडी तुटलेली. ती पकडीने ओढावी लागे. नजर असताना दांडी कशाला, असं ताईचं म्हणणं. बाईचा स्वतःच्या नजरेवर भारी विश्वास.

शनिवारी सकाळी तिने शेवटचा उपाय काढला. इंजिन रॉकेलने धुऊन लख्ख पुसलं, भावजयीच्या कपाटातला पावडरचा डबा न विचारता आणला आणि सगळ्या इंजिनावर पावडर भुरभुरवली. मग गाडी थोडा वेळ सुरू ठेवली आणि बंद केली. तेल जिथून झिरपेल तिथली पावडर ओली होणार, इतकी साधी युक्ती. बाईसाहेब अगदी लग्नाला निघाल्यासारख्या दिसत होत्या.

दुपारची झोप काढून ताई टॉर्च घेऊन परत आली. ओली रेघ मागच्या बाजूला होती, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे. ताई तिथेच खाली बसली. तिथलं सील बदलायचं म्हणजे अख्खं इंजिन बाहेर काढायचं, आणि रविवार तर उद्यावर आलेला.

उठताना तिच्या टॉर्चचा उजेड तेल ओतायच्या तोंडावरच्या टोपणावर पडला. पावडरीत बोटांचे ठसे उमटले होते. पावडर टाकल्यापासून ताईने टोपणाला हात लावला नव्हता, आणि हा पंजा तर तिच्या दुप्पट होता. तेवढ्यात आतून चहाची हाक आली. टेबलाशी धाकटा बसला होता, आणि त्याच्या शर्टाच्या बाहीला पांढरी पावडर लागलेली होती.

ताईने चहा कसाबसा घशाखाली ढकलला, गॅरेजमध्ये येऊन पकड उचलली आणि दांडी ओढली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर गेलेलं.

मग तिला सगळं उमगलं. सकाळी डाग बघून ती तेल घालत होती, आणि दुपारी ती झोपली की तोच डाग बघून धाकटा घालत होता. जुनी गळती पॅकिंगबरोबरच थांबली असणार. आता गळत होतं ते जास्तीचं. बाईसाहेबांना दोघांनी मिळून अपचन करून ठेवलं होतं. ताई जमिनीवर बसून एकटीच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ज्याला ही गाडी घरात नको होती, तो चोरून तिला भरवत होता.

तिने खुणेपर्यंत तेल काढून टाकलं, गाडीने एक फेरी मारली, कोरा पुठ्ठा अंथरला आणि कोणालाच काही सांगितलं नाही. धाकट्याची थोडी गंमत बघायची होती तिला.

रविवारी सकाळी पुठ्ठा कोराच्या कोरा होता. धाकटा आला, वाकला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"एक थेंबही नाही?"

"नाही."

"मग आत काही उरलंय की नाही?" असं म्हणत त्याने फळीवरच्या रंगाच्या डब्यांमागून तेलाचा डबा काढला, झाकण फिरवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ताई बघतेय.

"तू विसरशील असं वाटायचं," तो डब्याकडे बघत म्हणाला. "इंजिन जाम झालं असतं तर तू अंथरूणच धरलं असतंस."

ताई काही बोलणार तोच डॉक्टर दारात उभे राहिले. त्यांनी पुठ्ठा पाहिला आणि खूश झाले. "तुम्ही तर गळते म्हणाला होतात. ही तर ठणठणीत आहे. आजच घेऊन जातो मी."

"गळते हो," धाकटा डबा हातात धरून म्हणाला. "आज पाहुणे आले म्हणून लाजलीय."

"गळू दे. मी बघीन तिच्याकडे."

"तुमच्याने नाही व्हायचं, डॉक्टर. हिला रोज दोघांनी तेल घालावं लागतं. तुम्ही एकटे पडाल."

डॉक्टरांनी खात्री करून घ्यायला ताईकडे बघितलं.

"खरंय," ताई गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "एकट्याने नाही जमत."